बाबांनी निवडलेला साल्विया

सप्टेंबरचा पाऊस ओसरू लागला की आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेची मुले एकच प्रश्न विचारू लागतात, "सर, यंदा बी कधी टाकायचं?" खरे तर मी सर नाही. एका कार्यालयात लिपिक आहे. दिवसभर आवक-जावक नोंदवह्या, देयके आणि नस्त्या, आणि संध्याकाळी दोन तास अभ्यासिका, असा माझा गेल्या पंधरा वर्षांचा क्रम आहे. पण मुलांच्या त्या प्रश्नाने मला जेवढा आनंद होतो तेवढा बढतीच्या आदेशानेही झाला नव्हता. कारण मुले ज्या बियांविषयी विचारतात, त्या माझ्या बाबांच्या आहेत.

अभ्यासिकेच्या दाराशी, पूर्वेच्या भिंतीला लागून, साल्वियाचा एक वाफा आहे. लांबी बारा फूट, रुंदी तीन फूट. एवढ्याशा जागेविषयी काय लिहायचे, असे वाचकांना वाटेल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते.

साल्विया हे नाव सर्वांना ठाऊक नसेल, पण हे फूल आपण सर्वांनी पाहिलेले आहे. हिवाळ्यात सरकारी कार्यालयांच्या आवारात, शाळांच्या दाराशी, सार्वजनिक बागेत, हातभर उंचीच्या झाडांवर जे लालभडक तुरे एका रांगेत उभे दिसतात, तो साल्विया. २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला गेलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढून तो गेलेला असतो. आपण झेंड्याकडे पाहतो, फुलांकडे पाहतो; ती रांग कोणी लावली, हे मात्र कोणी विचारत नाही.

काढून टाकलेले रोप

माझे बाबा माळी होते. नागपुरात एका मोठ्या शासकीय बंगल्यावर त्यांची नेमणूक होती. साहेब बदलत, बाबा तिथेच असत. तिघे माळी मिळून ती बाग सांभाळत. हिवाळ्यात बंगल्याच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल साल्वियाचे वाफे लागत. ते काम बाबांचे.

१९८९ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी नऊ वर्षांचा होतो. एका रविवारी बाबा मला बरोबर घेऊन गेले. ते वाफ्यात खुरपत होते आणि मी कडेला बसलो होतो. साल्वियाचे फूल हलकेच ओढून काढले आणि त्याची मागची बाजू चोखली, तर मधाचा एक थेंब जिभेवर येतो, हे मला शाळेतल्या मित्रांनी शिकवले होते. मी एक फूल चोखले, दुसरे चोखले. पाच-सहा फुले झाली असतील. तेवढ्यात बंगल्यातल्या बाई बाहेर आल्या.

त्या मला काहीच बोलल्या नाहीत. माझ्याकडे त्यांनी धड पाहिलेही नाही. बाबांना म्हणाल्या, "याने उष्टं केलेलं झाड काढून टाका. इथे पाहुणे येतात." आमची जात त्यांनी विचारली नाही. विचारण्याची गरज नव्हती.

बाबांनी "हो बाईसाहेब" म्हटले, खुरप्याने ते झाड मुळांवरच्या मातीसकट उचलले आणि रांगेतली जागा दुसऱ्या रोपाने भरली. काढलेले झाड त्यांनी फेकले नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरियरला बांधले आणि घरी आणले. घरी डालड्याचा एक रिकामा डबा होता. त्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडली आणि झाड त्यात लावले.

मी रडत होतो. म्हणालो, "बाबा, फेकून द्या ते." बाबा म्हणाले, "बाबू, झाडाचा काय गुन्हा? झाड काऊन फेकाचं?"

ते झाड मार्चपर्यंत फुलले. आई पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची. मला मात्र त्या लाल रंगाचा राग येत राहिला. एप्रिलच्या उन्हात ते करपले तेव्हा मला बरे वाटले होते, हे आज कबूल केले पाहिजे.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. १९९८ साली मी बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना होता. इतर मुलांच्या अर्जांवर नजर टाकली आणि मी लिहिले, "शासकीय नोकरी". ते खोटे नव्हते, पण माळी हा शब्द मी टाळला होता. तो अर्ज बाबांनी सहीसाठी हातात घेतला. सावकाश अक्षर लावून वाचला. त्या रकान्यापाशी जरा थांबले आणि सही करून मला परत दिला. काही बोलले नाहीत.

कूलरची टाकी

२००८ साली बाबा निवृत्त झाले. घरी बसून करायचे काय? आमच्या घरापुढे दहा फूट लांब अंगण. त्यात सायकली, पाण्याचे ड्रम आणि गंजलेल्या पत्र्याची एक जुनी कूलरची टाकी पडलेली. ती टाकी मी भंगारवाल्याला देणार होतो. बाबांनी अडवली. बुडाशी गंजून भोके पडलेली टाकी त्यांना हवीच होती. म्हणाले, "याच्यात पाणी थांबत नाही. लय चांगलं आहे."

आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते. कपाशीला ती चांगली, पण साल्वियाच्या मुळांशी पाणी साचले की झाड पिवळे पडते आणि कुजते. म्हणून बाबांनी टाकीच्या तळाशी विटांचे तुकडे पसरले. त्यावर एक भाग काळी माती, एक भाग रेती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरले.

मी तेव्हा नोकरीला लागलो होतो. बाबांना खूश करावे म्हणून रोपवाटिकेतून बियांची महागडी पाकिटे आणली. पाकिटावर जांभळा, गुलाबी, पांढरा, दुरंगी असा साल्विया छापलेला. बाबांनी पाकिटे उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "बाबू, पाकिटावरचं चित्र पाहून झाड नाही घेत. आपली जागा पाहून घ्या लागते. ऊन किती, पाणी कोण घालते, आणि मे महिन्यात त्याचं काय होईल, हे तीन सवाल आधी."

आम्ही शिकलेले लोक झाडांच्या बाबतीत "साल्वियाच्या जाती" असे लिहितो. पुस्तकांतही "सुधारित जात" असाच शब्द असतो. बाबांनी झाडाच्या बाबतीत तो शब्द कधी वापरला नाही. ते "वाण" म्हणत. एकदा मी विचारले, तर हसून म्हणाले, "जात पाहून काय कळते? वाण लावून पाहा लागते."

कोणता वाण कुठे

पुढे मी पुस्तके वाचली तेव्हा कळले की साल्विया हा सुमारे एक हजार प्रकारांचा मोठा परिवार आहे. तुळस, पुदिना, पानओवा, सब्जा हे त्याचे दूरचे नातलग. बाबा खूण सांगायचे, "दांडी दोन बोटांत फिरव. चौकोनी लागते का नाही?" साल्वियाचा दांडा चौकोनी असतो आणि फुलाला वर-खाली दोन ओठ असतात. साल्विया हा शब्द लॅटिन आहे, बरे करणे किंवा वाचवणे या अर्थाच्या शब्दावरून आलेला. युरोपात याचा एक प्रकार औषधात आणि स्वयंपाकात पूर्वापार वापरतात.

वाचकांच्या उपयोगासाठी, आम्ही बापलेकांनी लावून पाहिलेल्या वाणांविषयी थोडक्यात लिहितो.

बंगल्यातला लाल साल्विया म्हणजे साल्विया स्प्लेंडेन्स. हा मूळचा ब्राझीलच्या डोंगराळ, दमट भागातला. दोनशे वर्षांपूर्वी तो युरोपच्या बागांत गेला आणि तिथून जगभर पसरला. रानात कमरेच्या वर वाढणारे हे झाड माळ्यांनी निवडून निवडून फूटभर उंचीचे केले. याची गंमत अशी की फूल गळून पडले तरी तुरा लालच दिसतो, कारण फुलाच्या बुडाचा पेला, ज्याला बाबा "कप" म्हणत, तोही लाल असतो. म्हणून रांगेत लावायला याच्यासारखे झाड नाही. पण नागपूरचे कोरडे ऊन त्याला सोसत नाही. हिवाळ्यात पूर्ण ऊन चालते, फेब्रुवारीनंतर दुपारची सावली लागते आणि पाणी चुकले की पाने लगेच माना टाकतात. बाबा म्हणायचे, "बंगल्यात तीन जण होतो आम्ही पाणी घालाले. इथं तू सकाळी ऑफिसले जाते, आई कामाले जाते. मंग?"

दुसरा, तांबडाच पण वेगळा, साल्विया कॉक्सिनिया. हा मेक्सिको आणि आसपासच्या उष्ण मुलखातला. दोन ते अडीच फूट वाढतो, अंग जरा विस्कटलेले. फूल लाल, पण कप हिरवट किंवा जांभळट. फुले एकमेकांपासून सुटी असतात, त्यामुळे दुरून स्प्लेंडेन्ससारखा भडक दिसत नाही. बंगल्याच्या मागच्या भिंतीशी हा आपोआप उगवत असे. रांगेत शोभत नाही म्हणून तो उपटून टाकण्याचा हुकूम होता. बाबा उपटत, पण त्याआधी बी काढून आगपेटीत ठेवत. निवृत्तीच्या दिवशी बंगल्यातून त्यांनी आणलेली मिळकत म्हणजे ही आगपेटी. सकाळचे चार तास ऊन, दुपारी भिंतीची सावली आणि दिवसाआड पाणी एवढ्यावर हा वाण आमच्या अंगणात टिकला. मे महिन्यात पाने बारीक होतात, काही झाडे जातात. पण खाली पडलेले बी पहिल्या पावसात आपण होऊन उगवते. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर स्प्लेंडेन्स हा दरसालचा महसुली खर्च आणि कॉक्सिनिया ही भांडवली गुंतवणूक.

तिसरा निळा, साल्विया फॅरिनेशिया. टेक्सास आणि मेक्सिकोतला. याच्या दांड्यावर आणि कपांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव असते. लॅटिन नावाचा अर्थही पिठाळ असाच आहे. दीड फूट उंची, सडपातळ निळे तुरे. ऊन याला लालपेक्षा चांगले सोसते. मात्र बी टाकल्यापासून फुलायला लाल साल्वियापेक्षा जास्त दिवस लागतात, म्हणून याचे बी आधी टाकावे. आमच्या टाकीत याची एक कड असे, आणि मधमाश्यांची सर्वांत जास्त गर्दी तिथेच.

चौथा माझ्या हट्टाचा. साल्विया ल्युकँथा, मखमली जांभळ्या तुऱ्यांचा. एका मासिकात चित्र पाहून मी भुललो आणि २०११ साली रोप विकत आणले. हा मेक्सिकोच्या डोंगरांतला. दिवस लहान होऊ लागले की फुलतो आणि थंड हवेच्या ठिकाणी झुडपासारखा माजतो. आमच्याकडे त्याने हिवाळ्यात चार तुरे दाखवले आणि उन्हाळ्यात राम म्हटला. बाबा काही बोलले नाहीत. मीच नोंदवहीत लिहिले, "जागा न पाहता खरेदी. रोप गेले."

स्वयंपाकातला सेज, म्हणजे साल्विया ऑफिसिनॅलिस, भूमध्य समुद्राकडचा. त्याला कोरडी जमीन आवडते. आमच्या पावसाळ्यात त्याची मुळे कुजली. रोजमेरी नावाचे जे सुगंधी झाड रोपवाटिकेत मिळते, त्यालाही वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०१७ साली साल्वियाच्याच कुळात घेतले आहे. आणि अलीकडे दुकानांत महागात मिळणारे चिया हेही साल्वियाचेच बी, साल्विया हिस्पॅनिका. बरेच लोक चिया आणि सब्जा एकच समजतात. तसे नाही. पाण्यात टाकल्यावर दोन्ही फुगतात, पण सब्जा तुळशीच्या जवळचा आणि चिया साल्वियाचा.

लागवडीची रीत

ज्या घरांत अंगण नाही तिथे रंगाच्या रिकाम्या बादल्याही चालतात, फक्त बुडाला भोके हवीत. आमच्या विदर्भात सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बी टाकावे. बी मातीत खोल गाडू नये. लाल साल्वियाच्या बियांना उगवायला उजेड लागतो. वर पसरून हाताने अलगद दाबावे आणि चिमूटभर बारीक खत भुरभुरावे. इतर बियांवर आपण गोणपाट झाकतो, तसे इथे करू नये. पाणी झारीने, हलके. दहा ते पंधरा दिवसांत अंकुर दिसतात.

या दिवसांत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे जास्त पाणी. रोपे मातीच्या पातळीवर बारीक होऊन एका रात्रीत कोलमडतात. त्यावर नंतर उपाय नाही. म्हणून बी दाट टाकू नये आणि माती वरून सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. चार ते सहा पाने आली की रोपे हलवावीत, तीही संध्याकाळी. स्प्लेंडेन्समध्ये फूटभर आणि कॉक्सिनियामध्ये दीड फूट अंतर ठेवावे.

रोप चार बोटे वाढले की शेंडा खुडायचा. हे पहिल्यांदा करताना जिवावर येते. मी खुडायला धजत नव्हतो तेव्हा बाबांनी माझा हात धरून शेंडा खुडवला होता. "एक शेंडा गेला त चार फाटे येतेत. भिऊ नको." फुलून संपलेले तुरे कापत राहिले की नवे येत राहतात. उन्हे तापू लागली की पानांखाली लाल कोळी आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा आणि आठवड्याने निंबोळी अर्क, एवढ्यावर आमचे भागते.

बी धरायचे असेल तर निरोगी झाडाचे दोन तुरे न कापता ठेवावेत. फूल गळल्यावर कप वाळतो. त्यात डोकावले तर तळाशी जास्तीत जास्त चार दाणे दिसतात. साल्वियाच्या एका फुलाला चाराहून जास्त दाणे येत नाहीत. कप पूर्ण वाळला की दाणे सांडून जातात, म्हणून तुऱ्यावर आधीच कागदी पाकीट बांधावे. संकरित म्हणून विकत घेतलेल्या बियांपासून पुढच्या वर्षी तसेच झाड येईल याचा भरवसा नसतो. आमचा कॉक्सिनिया मात्र इतकी वर्षे आपले रूप राखून आहे.

आमच्या टाकीवर रोज सकाळी शिंजीर यायचा, तो चिमुकला, बाकदार चोचीचा, उन्हात जांभळा-निळा चमकणारा पक्षी. अमेरिकेत या लाल फुलांवर हमिंगबर्ड नावाचा पक्षी येतो. तो आपल्या देशात नाही. इथे ते काम शिंजीर करतो. बाबा खाटेवर बसून त्याला पाहत. एकदा मला म्हणाले, "पाह्य, उष्टं करून राह्यला. त्याले कोणी काही म्हणत नाही." ते हसले. मला हसता आले नाही. १९८९ सालचा तो रविवार ते विसरले नव्हते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. वीस वर्षांत आम्ही त्याविषयी एक शब्दही बोललो नव्हतो.

मी म्हणालो, "बाबा, कॉलेजच्या अर्जावर मी माळी लिहिलं नव्हतं."

"माहीत आहे मले."

"चुकलं माझं."

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लहान होता तू. जाऊ दे. झारी भरून आण."

आपोआप उगवलेली रोपे

२०१८ सालच्या फेब्रुवारीत बाबा गेले. टाकीत साल्विया फुललेला होता. त्या वर्षी मी त्याच्याकडे पाहिलेही नाही. पाणी घातले नाही, तुरे कापले नाहीत, बी धरले नाही. उन्हाळ्यात सगळे वाळून गेले. आगपेटी शोधली तर आत दाणे होते, पण ते कोणत्या वर्षीचे ते कळेना. माझ्यासारख्या कारकुनाने हजारो कागदांवर तारखा टाकल्या आणि बापाच्या आगपेटीवर एक तारीख टाकली नाही, याचे फार वाईट वाटले.

जूनअखेर चांगला पाऊस झाला. एका सकाळी कामावर निघताना सहज टाकीत पाहिले. वाळल्या काड्यांखाली बारीक हिरवी रोपे. मी दांडी दोन बोटांत फिरवून पाहिली. चौकोनी. मोजली, तर सव्वीस. बाबांच्या शेवटच्या हंगामातले बी मी धरले नव्हते, ते जमिनीने धरले होते.

स्प्लेंडेन्स गेला होता. निळाही गेला होता. उरला तो बंगल्याच्या मागच्या भिंतीशी उपटून टाकायचा म्हणून ठरलेला वाण. म्हणजे बाबांनी निवड बरोबर केली होती. कारण त्यांनी ती केवळ स्वतःच्या अंगणासाठी केली नव्हती. आपण नसू, पोरगा दुःखात असेल, पाणी घालायला कोणी नसेल, त्या वर्षासाठीही केली होती.

त्यांतली बारा रोपे मी अभ्यासिकेच्या दाराशी नेऊन लावली. मुलांनी विटा रचून वाफा केला. कोणी आळीपाळीने पाणी घालायचे, याचा तक्ता भिंतीवर लावला. मी एक वही केली: तारीख, वाण, किती बिया, किती उगवल्या, किती जगल्या, पहिले फूल कधी. आता ती वही मुलेच लिहितात. पुढच्या वर्षी आम्ही एका बाजूला स्प्लेंडेन्सची एक ओळही लावली. ते बंगल्याचे फूल म्हणून मी त्याचा राग का धरावा? झाडाचा काय गुन्हा?

त्या हिवाळ्यात सातवीतल्या एका मुलाने शेंडा खुडताना मला विचारले, "सर, तुम्हाला हे सगळं कोणी शिकवलं? कॉलेजात होतं का?"

मी म्हणालो, "नाही. माझे बाबा माळी होते."

अर्जातला तो रकाना भरायला मला एकवीस वर्षे लागली. मुलाला त्यात विशेष काही वाटले नाही. तो म्हणाला, "अच्छा. मग निळ्याचं बी कधी टाकायचं?"

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात असे ज्ञान असलेली माणसे असतात. कोणी माळी असते, कोणी गवंडी, कोणी दाई, कोणी विणकर. त्यांच्या कामाचे नाव अर्जावर लिहायला आपली मुले कचरतात. त्यांचे ज्ञान कोणत्याही पदवीत नसते आणि ते गेले की बरोबर जाते. माझ्या वाट्याला ते पुन्हा उगवून आले, कारण वाणच तसा होता. प्रत्येकाला अशी दुसरी संधी मिळेलच असे नाही. आपल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, विचारा, लिहून घ्या, आणि आगपेटीवर तारीख टाकायला विसरू नका.

यंदाचे बी सुकवून झाले आहे. अभ्यासिकेतल्या मुलींनी जुन्या नोंदवहीच्या कोऱ्या कागदांच्या पुड्या बांधल्या आहेत. प्रत्येक पुडीत वीस दाणे, वर वाणाचे नाव आणि साल. वस्तीत ज्यांना हवे त्यांनी संध्याकाळी सहानंतर येऊन न्यावे. पैसे नाहीत. फक्त पहिले फूल आले की तारीख सांगायची, म्हणजे वहीत नोंद होईल.